घरचीची नोंद

दौऱ्यावरच्या सरकारी साहेबांची लोखंडी पेटी मुखरूच्या डोक्यावर होती, तेव्हाच रामाजी धावत आला. रामाजी त्याचा साळा. दौऱ्याचा माग काढत तो दोन दिवस जंगलातून चालत होता. पाय रक्ताळले होते.

"भाऊजी, पेटी खाली ठेवा," तो म्हणाला.

तेवढ्यावरूनच मुखरूला कळलं. बायको बाळंतपणात अडली होती. गडचिरोलीच्या दवाखान्यात न्यायला बैलबंडी हवी होती, आणि गावातल्या तिन्ही बंड्या साहेबांचे तंबू वाहायला वेठीला धरल्या होत्या. त्यांतली एक मुखरूचीच. बाजेवर घालून न्यावं, तर खांदा द्यायला गडी नव्हते. तेही वेठीवर. रामाजीनं दोन म्हाताऱ्यांना आणि आपल्या बायकोला घेऊन बाज उचलली. नाल्यापर्यंत पोचले. तिथे ती गेली. पोटातलं लेकरूही गेलं.

चपराशी म्हणाला, पेटीत साहेबांचे कागद आहेत, पुढचा मुक्काम दीड कोसावर आहे, तिथे ठेव आणि मग खुशाल जा. मुखरूनं पेटी दीड कोस वाहिली. मान हलली तर पेटी पडेल, म्हणून त्याला रडताही आलं नाही. घरी पोचला तेव्हा तिला माती देऊन झाली होती.

स्वराज्य येऊन तेव्हा सात वर्षं झाली होती.

दिवाळीनंतर चांद्याच्या कॉलेजातली तीन पोरं गावात आली. देशाच्या घटनेनं वेठ बंद केली आहे, असं ती सांगत होती. लोकांनी ऐकून घेतलं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, हे साहेबाले कोणी सांगतलं का? पोरं हसली नाहीत.

त्यांतला लियाकत बांगडीवाल्या बाबूभाईंचा मुलगा. तो मुखरूच्या ओसरीवर कागद घेऊन बसला.

"आमदारसाहेबानं तुमची गोष्ट नागपुरात विधानसभेत उठवली ना मुखरूभाऊ, तर माघातल्या दौऱ्याले एक बंडी जाणार नाई," तो म्हणाला. "मयत कोण?"

"माही घरची."

लियाकतनं 'अर्जदाराची पत्नी' असं लिहिलं. नाव विचारलं नाही. त्याच्या घरीही बायांची नावं परक्यापुढे घेत नसत. मुखरूनं तर सोळा वर्षांत बायकोला एकदाही नावानं हाक मारली नव्हती. गावात कोणीच मारत नसे. 'अवो' म्हटलं की ती यायची. अर्जाखाली एकावन्न अंगठे उठले.

पोरं वर्ग बुडवून चारदा आमदारांच्या बंगल्यावर गेली. एकदा आमदार नागपुरात होते, एकदा लग्नात, एकदा झोपलेले. चौथ्यांदा चहा मिळाला. पाचव्यांदा आमदारांनी मुखरूलाच बोलावलं. तो डोंग्यानं वैनगंगा ओलांडून सावलीवरून मूलपर्यंत चालत आला आणि तिथून रेल्वेनं चांद्याला.

आमदारांचा कारकून गुणवंतराव. त्यानं अर्ज वाचला. आतल्या खोलीतून आमदारांचं खोकणं ऐकू येत होतं.

"यात मेलं कोण?" गुणवंतरावनं विचारलं. "तिले नाव नव्हतं काय?"

लियाकतचा चेहरा उतरला. मुखरू जमिनीकडे बघत म्हणाला, "सुगंधा."

आपल्याच तोंडातलं ते नाव त्याला परक्याचं वाटलं.

"वा," गुणवंतराव हसला. "उखाणा घ्याले चांद्यापर्यंत आलास का?" मग त्यानं अर्ज परत सरकवला. कोतवालाच्या बुकातला मृत्यूच्या नोंदीचा उतारा आणा, त्याशिवाय सभागृहात कोणी ऐकणार नाही, अधिवेशन शनिवारी संपतं, असं सांगून तो दुसऱ्या कागदाला लागला.

गावात कोण जन्मलं, कोण मेलं, हे बुकात घालून ठाण्यावर नेणं कोतवालाचं काम. कोतवाल लच्छू. सुगंधा गेली त्या दिवशी लच्छू साहेबांची बंदूक घेऊन दौऱ्यापुढे चालत होता. आठ दिवसांनी परतला आणि कोरं बुक ठाण्यावर दाखवून आला. ठाणेदारानं विचारलं, आठवड्यात कोणी मेलं का? वेठीची गोष्ट निघू नये म्हणून लच्छू म्हणाला, नाई.

बंगल्याबाहेर लियाकत म्हणाला, "गलती माही आहे, मुखरूभाऊ. मी विचाराले पाह्यजे होतं."

"मी तरी कुठी सांगतलं," मुखरू म्हणाला.

लियाकतनं तिथेच फाटकाशी बसून 'अर्जदाराची पत्नी'च्या वर बारीक अक्षरात नाव लिहिलं. आमदार मोटारीत बसून नागपूरला निघाले, तेव्हा पोरं अर्ज उंच धरून आडवी गेली. मोटार वळसा घेऊन गेली.

माघात दौरा आला. लच्छू दारात येऊन म्हणाला, "मुखरूभाऊ, बंडी जुंप."

"आंधी बुक आण. तिचं नाव घाल."

"मांगची तारीख कशी घालू? माही नोकरी जाईन."

"मंग मी नाई येत."

लच्छूनं मुखरूचे बैल सोडून बंडीला जुंपले आणि दुसऱ्याला हाकायला बसवलं. मुखरू ओसरीवरून उठला नाही. बंडी नाल्याच्या वाटेनं गेली, तिकडे त्यानं पाहिलंही नाही.

लियाकत बुकाच्या उताऱ्यासाठी अजून ठाण्यावर जातो. नोंदच नाही, उतारा कशाचा देऊ, असं त्याला सांगतात. सुगंधा मेली, हे अजून कोणत्याही सरकारी कागदावर लिहायचं राहिलं आहे.