नाव न घेता

"मशीन तिथंच राहू द्या," शिवणबाई म्हणाल्या. ओठांत टाचण्या धरूनही त्या इतकं स्वच्छ बोलत की नवं गिऱ्हाईक दचकत असे. "खुर्च्या त्याच्या भोवतीनं लावा."

"अगं, वर्तुळ वाकडं होतंय."

"होऊ दे. देव काय कंपास घेऊन बसलाय?"

नवऱ्यानं खुर्ची जरा पुढे ओढली, जरा मागे ढकलली आणि नाद सोडला. त्यांना सगळे लिफ्टवाले म्हणत. उभं आयुष्य त्यांनी उंच इमारतींतल्या बंद पडलेल्या लिफ्ट सुरू करण्यात घालवलं होतं आणि राहत मात्र होते तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. हा विनोद ते स्वतः करत. दुसऱ्या कोणी केला की रागावत.

चर्चमधल्या बायकांची प्रार्थनासभा दर गुरुवारी एकीच्या घरी भरायची. शिवणबाईंच्या घरी ती तीन वर्षांत भरली नव्हती. त्यांचं घर आलं की पुढचं घर धरायचं, हे बायकांनी न बोलता ठरवून टाकलं होतं. या गुरुवारी मात्र शिवणबाईंनी ती स्वतःहून मागून घेतली होती.

त्याला कारण घडलं होतं रविवारी. उपासना संपल्यावर मोठ्या बाईंनी त्यांना खांबाआड गाठलं. मोठ्या बाई म्हणजे एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. शाळा सुटली तरी चर्चची मंडळी त्यांच्या हाताखालीच होती.

"तुमच्या लेकीला परवा हॉस्पिटलात पाहिलं मी," त्या कुजबुजल्या. "आत्ता नाही बोलत. गुरुवारी विनंतीत घेऊ. सगळ्याजणी मिळून प्रार्थनेत धरू तिला."

शिवणबाईंच्या तोंडात 'कुठल्या हॉस्पिटलात' हे शब्द आले होते. जिभेवर आले होते. त्यांनी ते गिळले.

"मग गुरुवारी सभा माझ्याकडे," त्या म्हणाल्या.

"जमेल ना तुम्हाला?"

"खुर्च्या चर्चच्या, चहा माझा. न जमायला काय झालं?"

दुसऱ्याच्या घरात दुसऱ्याचं तोंड धरता येत नाही. स्वतःच्या घरात येतं. एवढाच हिशेब होता त्यांचा.

तीन वर्षांपूर्वी लेक एका दुपारी याच खोलीत आली होती. मशीनशेजारच्या स्टुलावर बसली आणि कापडाच्या चिंध्यांची घडी घालत, उलगडत, पुन्हा घडी घालत म्हणाली, "आई, दिवस राहिले होते. गेलं." सासरी अजून सांगितलेलं नव्हतं. आईला सांगितलं. शिवणबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं, आणि ती गेल्यावर, जे आयुष्यभर करत आल्या तेच केलं. दुखणं असो, परीक्षा असो, छत गळत असो, सगळं त्या गुरुवारी नेत. लेकीचंही नेलं. नाव घेऊन, रडून, मनापासून मागितलं.

शनिवारपर्यंत लेकीच्या दारात तिघीजणी सूप घेऊन उभ्या होत्या. सासूला बातमी कळली ती त्यातल्या एकीच्या तोंडून.

"मी तुला सांगितलं होतं, आई," लेक फोनवर म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "तुला. त्या खोलीभर बायकांना नाही."

"अगं, मी देवाजवळ बोलले."

"देवाला ऐकू येत नाही का मनातलं?"

मग मुलगा आला, बहिणीची बाजू घेऊन. आईनं माफी मागावी म्हणाला. लिफ्टवाले उखडले. "प्रार्थना केली म्हणून माफी? ज्याला आमची प्रार्थना नको, त्याला आमचं घर कशाला हवं?" मुलगा जोडे घालून निघून गेला. जिन्यात त्याची पावलं क्षणभर थांबली होती. लिफ्टवाल्यांना ती ऐकू आली होती आणि ते उठले नव्हते.

पहिलं वर्ष शिवणबाईंनी स्वतःची बाजू लढवण्यात काढलं. स्वयंपाक करताना, काजं करताना त्या लेकीला ठणकावून उत्तरं देत. मग एके दिवशी गायनवृंदाच्या झग्याची किनार उसवताना त्यांच्या मनात आलं, की ती खरं बोलली. बस. एवढंच. त्यांनी माफीचा फोन केला, कोणी उचलला नाही. पुन्हा केला, तरी नाही. नंतर, लेक येवो न येवो, तिचं नाव त्यांनी चारचौघांत घेणं सोडलं.

लोकांनी त्याचा अर्थ लावला, की आईचं काळीज दगडाचं झालं.

गुरुवारचा चहा झाला. बायका डोळे मिटून विनंत्या सांगू लागल्या. एकीचा गुडघा. एकीच्या भाडेकरूंना सुबुद्धी. एकीनं सुनेसाठी विनंती केली, ती इतकी तपशीलवार होती की पाळकबाईंना मधेच "आमेन" म्हणून ती संपवावी लागली. पाळकबाई म्हणजे चर्चच्या पाळकांची बायको, वयानं लहान, कुणाचं मन मोडायची धास्ती घेतलेली.

मोठ्या बाईंनी घसा साफ केला. "आणि आता, या घरावर एक ओझं आहे. या घरची लेक—"

"थांबा," शिवणबाई म्हणाल्या.

डोळे उघडले. सगळ्यांचे.

"ते इथं नको."

"अहो, मी काही वाईट सांगत नाहीये."

"चांगलंही नको."

"नाव नाही घेत," पाळकबाई मधे पडल्या. "नुसतं 'एक बहीण' म्हणू."

"'एक बहीण' म्हटलं की जिना उतरेपर्यंत तुम्ही नाव, गाव, वजन सगळं काढता. मला विचारा. मी बसलेय ना इतकी वर्षं तुमच्यात, मीही काढलंय."

गुडघावाली फिस्सकन हसली आणि लगेच गंभीर झाली.

"बायबलातला तो, घर सोडून गेलेला मुलगा वाटेवर दिसायची वाट बघत बसलेला बाप आठवा," मोठ्या बाई म्हणाल्या.

"आठवतो ना. वाट बघत होता बिचारा. गावभर सांगत नव्हता हिंडत."

मोठ्या बाई पुढे वाकल्या. आता त्यांचा आवाज मुख्याध्यापिकेचा नव्हता. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं, आणि तेच कठीण होतं.

"अहो, आई आहात तुम्ही. ती कशी आहे, कळायला नको तुम्हाला?"

आतल्या दाराशी लिफ्टवाले उभे होते. हातातला ट्रे त्यांनी छातीशी धरला होता. शिवणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हरल्या असत्या.

"हवंय," त्या म्हणाल्या. "इतकं हवंय की रविवारपासून माझी एक शिवण सरळ येत नाहीये. पण तिच्याकडून हवंय. तिनं सांगितलं तर. तुमच्याकडून घेतलं तर ती चोरीच होईल, तुमची नि माझी मिळून."

"हा अहंकार आहे, बाई."

"असेल. मग त्याच्यासाठी करा प्रार्थना. नाव घालून करा. माझं नाव चालेल."

मोठ्या बाईंनीही माघार घेतली नाही. त्यांनी डोळे मिटले आणि शिवणबाईंच्या अहंकारासाठी लांबलचक, खणखणीत प्रार्थना केली. ताठ मान वाकू दे, कठीण काळीज वितळू दे. शिवणबाई मान खाली घालून ऐकत राहिल्या, आणि शेवटी सगळ्यांत मोठ्यानं "आमेन" म्हणाल्या.

जाताना मोठ्या बाई उंबऱ्यावर घुटमळल्या. "एकटीला सांगू का? इथंच. कोणी नाही."

शिवणबाईंचा हात दाराच्या कडीवर होता.

"पायऱ्या जपून उतरा," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या मजल्यावरचा दिवा गेलाय."

दार लागलं. लिफ्टवाले तसेच उभे होते.

"हॉस्पिटल कुठलं, तेवढं तरी विचारायचंस."

"विचारलं असतं तर तुम्ही गेला असता."

"गेलोच असतो. या गुडघ्यांनी गेलो असतो."

"आणि तिनं तोंड फिरवलं असतं." त्या खुर्चीवर बसल्या. "लिफ्ट अडकली, आत माणूस आहे. तुम्ही काय करायचात? दार उचकटायचात?"

"छे. उचकटलं की जिवावर बेततं." ते समोरच्या खुर्चीवर टेकले. मधे सगळ्या रिकाम्या खुर्च्या आणि ते मशीन. "बाहेर थांबून बोलत राहायचं. मी आहे म्हणायचं. घाबरू नका, मी कुठं जात नाही."

"मग?"

"पण आतून हाक यायची गं," ते म्हणाले. "इथं हाकच नाही."

ट्रे अजून लिफ्टवाल्यांच्या मांडीवर होता, तो त्यांनी जमिनीवर ठेवला. संध्याकाळची प्रार्थना दोघं लग्नापासून एकत्र करत, आधी मोठ्यानं, आता तिसरं वर्ष मनातल्या मनात. खुर्च्या उचलायच्या राहिल्या होत्या. तशाच त्या वाकड्या वर्तुळात, एक या टोकाला नि एक त्या टोकाला, दोघांनी डोळे मिटले. खाली रस्त्यावर कोणी तरी गाडी लावत होतं, मागे घेत होतं, पुन्हा पुढे नेत होतं.

लिफ्टवाल्यांचं झालं. त्यांनी डोळे किलकिले करून पाहिलं. बायकोचे ओठ घट्ट मिटलेले होते, टाचण्या धरल्यासारखे.

बऱ्याच वेळानं त्यांनी हळूच विचारलं, "आमेन म्हणू?"

"थांबा," शिवणबाई म्हणाल्या. "माझं व्हायचंय अजून."