कपाळावरची रेघ

विगवाल्याच्याच डोक्यावर केस नाहीत, यात हसण्यासारखं काय आहे? पण लोक हसायचेच. गल्लीतली पोरं त्याला ‘चमनकाका’ म्हणायची, आणि हा खुशाल ओ द्यायचा. "डोक्याला कायमची सुट्टी दिलीय," असं म्हणून स्वतःच आधी हसायचा, म्हणजे दुसऱ्याच्या हसण्याला धार राहत नाही.

दुकानात दिवसभर केसच केस. जाळीच्या टोपीत बारीक आकड्याच्या सुईने एकेक केस गाठ मारून ओवायचा आणि तयार झालेला विग आधी स्वतःच्या तुळतुळीत डोक्यावर चढवून बघायचा. आजारपणात केस गेलेल्या बायका यायच्या, डोक्याचा रुमाल सोडायला लाजायच्या. हा लांबसडक विग घालून त्यांच्यापुढे मान वेळावायचा. मग त्या हसायच्या आणि रुमाल आपसूक सुटायचा.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की पंख्याच्या वाऱ्यावर टांगलेले केस हलत राहायचे, याच्या डोळ्यांवर झापड यायची, आणि त्या अर्धवट झोपेत याला केस असायचे. चांगले भरघोस! तो नुसता हात फिरवत बसायचा. बोटं आत शिरायची, गुंतायची. जाग आली की हात टकलावर आणि जीव खट्टू. इतक्या वर्षांत हे कुणाला, अगदी बायकोलासुद्धा, कळू दिलं नव्हतं पठ्ठ्याने.

त्या दिवशी मात्र हिय्या करून तो केसांच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टर सरळ माणूस. "मागचे केस काढून पुढे लावायचे असतात, काका. पण तुमचे मागेच फार थोडे उरलेत. पुढची बाजू झाकली जाईल, तीही विरळ. टाळू उघडीच राहणार. करायचं का, ते तुम्ही ठरवा." मग काळ्या पेनाने याच्या कपाळावर एक रेघ ओढली आणि हातात आरसा दिला. "इथून सुरू होतील."

रेघ पुसायचं याच्या मनातच आलं नाही. उन्हातून परत निघाला तो तरंगतच. रस्त्यावरची वर्दळ पाण्याखालून यावी तशी लांबून ऐकू येत होती. प्रत्येक दुकानाच्या काचेत एक केसवाला माणूस याच्या बरोबरीने चालत होता. तरुण नव्हे, याच्याच वयाचा, जरा विरळ केसांचा, पण खुशीत. वारा आला तसा याचा हात केस सावरायला वर गेला. वेडाच की!

दुकानापाशी घरांचे नकाशे काढणारी ताई वाट बघत उभी होती. तिचा विग आज द्यायचा होता. औषधांनी तिचे केस गेले होते, आणि आजार काही अजून हटला नव्हता. पुढच्या महिन्याचं काही विचारलं की ती विषयच बदलायची.

आत येऊन त्याने सवयीने विग स्वतःच्या डोक्याकडे नेला, तर ती म्हणाली, "काका, कपाळाला काय लागलंय? रेघ आहे ही. डावीकडे चढलीय."

त्याने घाईघाईने पुसायला रुमाल काढला, पण चोरी पकडली गेली होती.

"केस लावून घेताय?"

त्याने हातातला विग खाली ठेवला.

"म्हणजे ती डोक्याची सुट्टी वगैरे सगळी थाप?"

"थाप," तो म्हणाला. "मला केस हवेत, ताई. फार हवेत. रोज दुपारी स्वप्नात येतात लेकाचे."

ती बघतच राहिली आणि एकदम रडायला लागली. त्याच्यासमोर ती एकदाही रडली नव्हती. डोक्याचा रुमाल सोडून तिने त्याच रुमालाने डोळे पुसले. "मलाही हवेत हो! सगळे म्हणतात, जीव महत्त्वाचा, केसांचं काय एवढं. तुम्हीसुद्धा हसवतच होतात. मग मी रडायचं कुणाजवळ?"

हसावं की रडावं, त्याला कळेना. दोघं आपापली उघडी डोकी घेऊन समोरासमोर बसून राहिली. वर केस हलत होते.

"थोडेच येणार आहेत," तो म्हणाला. "एवढ्याशासाठी कशाला तो खटाटोप, असंही वाटतं."

"उगवायला किती दिवस लागतात?"

"नीट दिसायला वर्ष जाईल म्हणे."

तिने विग मांडीवर घेतला.

"लावा," ती म्हणाली. "मला बघायचेत. वर्षभर थांबते मी."

तिच्या तोंडून पुढच्या दिवसांचं काही पहिल्यांदाच निघालं होतं. त्याने तिच्यादेखतच डॉक्टरला फोन लावला.