नसलेली गल्ली

मित्रांनो, पडदा म्हटले की तुम्हाला झाकणारा पडदा आठवेल. मी दाखवणारा पडदा आहे. निदान माझी नेमणूक तरी त्यासाठीच झाली होती. आपत्कालीन कक्षाच्या लांब भिंतीवर मी टांगलेला आहे. माझ्या डाव्या कोपऱ्यात काळा पट्टा पडला आहे, म्हणून हल्ली मला कुणी मोठा म्हणत नाही, जुना म्हणतात.

माझा जन्म कारखान्यात झाला. काचेवर काच बसवली, पाठीमागे तारांचे जाळे जोडले. तपासनीस बाईंनी मला पांढरे, लाल, काळे करून पाहिले आणि "चांगला आहे" म्हणून पाठीवर शिक्का मारला. एवढी बिनशर्त स्तुती मला पुन्हा मिळाली नाही.

कक्षात आल्यावर माझ्यावर शहराचा नकाशा उमटला. तो कुणा एकाचा नव्हता. रस्तेखात्याने रस्ते द्यायचे, बंबखान्याने बंब, पाणीखात्याने नळ, वीजखात्याने खांब. सगळ्यांचे थर एकमेकांवर पसरले की संकटात कुठे काय आहे ते एका नजरेत कळावे, असा बेत होता. उद्घाटनाला टाळ्या पडल्या. टाळ्या संपल्या आणि जो तो आपापला थर पोटाशी धरून बसला.

पाणीखात्याच्या ताई नळांचा थर उघडत नसत. पाण्याच्या चाव्या कुठे आहेत ते कळले तर कुणीही उठून फिरवील, ही त्यांची धास्ती. वीजखात्याला वाटे, वाकलेले खांब दाखवले तर उद्या बोल आपल्यालाच. माझ्यासमोर बसून ही माणसे माझ्याकडे कमी आणि एकमेकांकडे जास्त पाहत. हळूहळू मीही संशयी झालो. कुणी जवळ आले की वाटे, हा काय लपवतो आहे?

या सगळ्यांवर ताण म्हणजे रस्तेखात्याचे नकाशेवाले. त्यांना सगळे शंकासुर म्हणत. खुर्चीवर बसण्याआधी ते ती हलवून बघत. सांगितलेली वेळही खिडकीतून सावली पाहून पडताळत. पण शहरातला एकेक रस्ता त्यांनी पायी फिरून माझ्यावर काढला होता, आणि त्याचा अभिमान त्यांना शोभत होता. बंबखान्याचे साहेब त्यांचे मेव्हणे, बायकोचे सख्खे धाकटे भाऊ. हे मेव्हणे आपले रस्ते उचलून वरिष्ठांना स्वतःचा नकाशा म्हणून दाखवतात, असा शंकासुरांना पक्का वहीम होता.

म्हणून त्यांनी सापळा लावला. नकाशे काढणाऱ्यांची ही एक युक्ती असते. रंगाच्या गोदामामागे जिथे नुसती उंच भिंत आहे, तिथे त्यांनी एक गल्ली काढली. ज्याच्या नकाशात ती सापडेल तो चोर. रेघ ओढताना कक्षात दुसरे कुणी नव्हते, तरी ते वळून वळून दाराकडे पाहत होते. ती रेघ इतर रेघांसारखीच होती. मला जे देतात तेच मी दाखवतो.

मग एका दुपारी त्याच गोदामाला आग लागली. शेजारी प्रसूतिगृह होते. बाळंतिणी वरच्या मजल्यावर, जिन्यात धूर. शिडीचा बंब लवकर पोचायला हवा होता आणि मुख्य रस्ता पळणाऱ्या लोकांनी तुंबला होता. कक्षाच्या मुख्य बाईंनी माझ्याकडे जवळची वाट मागितली. मी दाखवली. त्याच गल्लीतून. बंबाचा लाल ठिपका तिकडे वळला. बंबात मेव्हणे स्वतः होते.

शंकासुरांचा चेहरा खडूसारखा झाला. बोलावे तर नोकरी जाणार आणि चारचौघांत छीथू होणार. गप्प बसावे तर बंब भिंतीशी जाऊन अडकणार, आणि वर बाळंतिणी. कुणाला कळले तर नाही ना, म्हणून त्यांनी सवयीने सगळ्यांकडे एकदा संशयाने पाहिले. मग वायरलेस हातात घेतला.

"तिकडे जाऊ नका. ती गल्ली नाहीच, तिथं भिंत आहे. मीच काढलीय ती."

पलीकडून मेव्हण्यांचा आवाज आला. "दाजी, खोटं तेव्हा बोललात की आत्ता बोलताय?"

ज्याने कधी कुणाच्या शब्दावर भरवसा ठेवला नाही, त्याच्या शब्दावर ऐनवेळी कोण ठेवणार? ठिपका सरकतच होता.

तेव्हा पाणीखात्याच्या ताईंनी आपला थर उघडला. माझ्यावर पहिल्यांदाच निळ्या नळांचे जाळे पसरले. ते पाहून वीजखात्याच्या माणसाने मान खाजवली आणि आपले खांबही टाकले. आसपासच्या सगळ्या गल्ल्यांत नळ होते, खांब होते. या एका गल्लीत काहीच नव्हते.

"साहेब," ताई वायरलेसवर म्हणाल्या, "नळ नाही, खांब नाही, अशी गल्ली कुठं असते का? तुमचे दाजी खरं बोलताहेत. जलवाहिनीच्या कडेनं आमचा कच्चा रस्ता आहे. फाटकाला कुलूप असेल, ते तोडा."

ठिपका थांबला आणि वळला. तो कच्चा रस्ता शंकासुरांनाही ठाऊक नव्हता. पाणीखात्याने तो कधी कुणाला सांगितलाच नव्हता.

बाळंतिणी उतरल्या, बाळे उतरली. सर्वांत शेवटी उतरलेल्या नर्सबाईंचे हात मात्र भाजले. इथे जो वेळ वाया गेला, तो त्यांच्या हातांवर उमटला.

आता थर उघडे असतात. प्रत्येक रेघेखाली ती प्रत्यक्ष पाहणाऱ्याचे नाव असते. शंकासुरांची खुर्ची गेली. माझ्यावरचा एकेक रस्ता पुन्हा पायी तपासायचे काम त्यांना मिळाले आहे. सुट्टीच्या दिवशी मेव्हणेही त्यांच्याबरोबर जातात, कारण त्यांचा अजून विश्वास नाही. "दाजी, एकच होती ना हो?" ते विचारतात. "एकच," दाजी म्हणतात. तरी दोघे पुढच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन बघतात. संशय काही गेला नाही. तो आता खुर्चीत बसून राहत नाही, चालत जातो, एवढेच.

माझ्या शेजारी नवा पडदा खोक्यात येऊन उभा आहे. मित्रांनो, तो भिंतीवर चढेपर्यंत माझी काच पुसत जा, धूळ साचू देऊ नका. पण माझ्यावर डोळे झाकून विसंबू नका. अजून एखादी नसलेली गल्ली माझ्या अंगावर असेलही, मला ती ओळखता येणार नाही. शंका आली तर जाऊन पाहा. आणि जे पाहाल ते पोटात ठेवू नका, माझ्यावर काढा.