रिकामे किलोमीटर

कल्पना करा, तुम्ही आईच्या टॅक्सीत तिच्या शेजारी बसला आहात. आईला भाडी मोबाइलवर मिळतात. शाळेला दोन दिवस सुट्टी आहे. संध्याकाळी मामा गिऱ्हाईक आणणार आहे, गाडी विकायला. "हत्ती पोसतेयस ताई," तो म्हणाला होता. "इंजिन नुसतं पेट्रोल पितंय." गाडी गेली की आईचं काम गेलं.

आमच्या गोष्टीतली मुलगी अशीच बसली होती. सकाळी टाकी भरली, तेव्हा तिने गाडीच्या किलोमीटर मोजणाऱ्या मीटरवरचा आकडा पावतीमागे लिहून ठेवला. इंजिनाची चोरी तिला पकडायची होती.

आईला चैन नव्हतं. प्रवासी उतरला की ती लगेच गाडी हलवायची. चौक, स्टेशन, इस्पितळ, परत चौक.

"आपण कुठे चाललोय?"

"भाडं शोधायला."

"पण ते फोनवर येतं ना?"

"हातावर हात ठेवून बसलं तर येतं होय? गप बस."

संध्याकाळी टाकी पुन्हा भरून दोघी घरी आल्या. मामा दारातच होता. त्याने संध्याकाळच्या पेट्रोलची पावती पाहिली, मग आईचा फोन.

"बघ, फोन म्हणतो सत्तर किलोमीटर. आणि पेट्रोल एवढं?"

"मीटर म्हणतो एकशे चाळीस," मुलगी म्हणाली.

"काहीतरीच!"

तिने सकाळची पावती उलटी केली. मीटरच्या संध्याकाळच्या आकड्यातून सकाळचा वजा. तुम्हीही अशीच वजाबाकी करा. फोन फक्त प्रवासी बसल्यापासून उतरेपर्यंतचं अंतर मोजतो. राहिलेलं सगळं रिकामं फिरणं.

मामाने मीटरच्या किलोमीटरना पेट्रोलच्या लिटरने भागलं आणि डोकं खाजवलं.

"इंजिन ठणठणीत आहे की! ताई, पेट्रोल तूच पितेस."

आई हसली नाही. "फोन गप्प झाला की जीव वरखाली होतो रे. बसवत नाही मला."

"मग आठवडाभर रोज मीटरचा आणि फोनचा, दोन्ही आकडे लिही, आणि भाडं नसेल तेव्हा थांबून बघ. गिऱ्हाइकाला मी थोपवतो. फरक पडला नाही, तर मात्र गाडी विकायची."

दुसऱ्या दिवशी पहिला प्रवासी इस्पितळाशी उतरला. आईने सावलीत गाडी उभी करून इंजिन बंद केलं. फोन गप्प. तिची बोटं स्टिअरिंगवर वाजू लागली. मग हात किल्लीकडे गेला.

"जरा चौकापर्यंत जाऊन येऊ. एवढंच."

मुलीने किल्ली उपसली, आपल्या सीटवर ठेवली आणि किल्लीवरच बसली.