कपाटामागची बाग

मित्रांनो, बागेची चित्रे तुम्ही पाहिली असतील ती हिरवीगार. मी मात्र काळा आहे. कोळशाने काढलेले, खिडकीएवढे एका बागेचे चित्र आहे मी. माझ्यात एक अंजिराचे झाड आहे, दगडी बाक आहे आणि त्यामागे दाट सावली आहे. कोळशाचा कण कागदाला जेमतेम धरून असतो. त्यामुळे मी जन्माचा भित्रा. कुणाची बाही जवळ आली तरी आता आपण पुसले जाणार, असे मला वाटे.

मला काढणारी बाई नावाजलेली चित्रकार. घरामागची ती बाग तिच्या यजमानांनी लावली होती. ते वायरमन होते. निवृत्त झाले आणि झाडांच्या मागे लागले. बाई खिडकीशी बसून त्यांची बाग काढी. चित्र मनासारखे झाले की त्यावर फवारा मारी, म्हणजे कोळसा पक्का बसे. माझ्यावर तो फवारा पडलाच नाही. प्रदर्शन जवळ आले तसे तिला एकही चित्र पटेना. नुसती काजळी झालीय, असे म्हणून ती कागद टराटरा फाडी. माझी भावंडे माझ्यासमोर गेली.

यजमानांना ते बघवेना. त्यांनी समजूत घालून पाहिली, तर तुम्ही तुमच्या तारा सांभाळा, असे तिने सुनावले. एका दुपारी ती बाहेर गेल्यावर त्यांनी मला अलगद उचलले आणि पलीकडच्या खोलीत, लाकडी कपाटामागे सरकवले.

"चार दिवस गप्प पडून राहा," ते पुटपुटले. "हिचा राग उतरला की काढतो तुला."

संध्याकाळी फाडण्याचा आवाज आला. तो मध्ये थांबतच नव्हता; उरलेली सगळी चित्रे बाई न बघताच फाडत असावी. मी भिंतीला आणखी चिकटलो.

दुसऱ्या दिवशी झाडांना पाणी घालताना यजमान कोसळले. धावपळ झाली, त्यांच्या मुलीचे रडणे ऐकू आले, दवाखान्याची गाडी निघून गेली. मग घर सामसूम. चार दिवस उलटले, महिना उलटला. कपाटामागे कसर होती. कागद खाणारा तो चंदेरी किडा माझा कोपरा कुरतडू लागला. त्याचे सरपटणे मला कळे, पण ओरडायला तोंड कुठे होते?

मग एके दिवशी यजमान घरी आले. त्यांची खाट त्याच खोलीत टाकली. मला हायसे वाटले, पण घटकाभरच. त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती, वाचा गेली होती. "बा… बा…" एवढेच त्यांना म्हणता येई.

"आई, बाबांना बाहेर जायचंय," मुलगी म्हणे. दोघी त्यांना चाकांच्या खुर्चीतून बागेत नेत. ते रडत परत येत. त्यांनी कपाटाकडे बोट केले की बाई सदरा काढून देई आणि ते तो भिरकावून देत. हातभर अंतरावर आम्ही दोघे, दोघेही मुके. हे गेले तर मी इथेच कसरीच्या पोटात जाणार, या धास्तीने मी दिवसेंदिवस विटत गेलो.

बाईने कोळसा टाकूनच दिला होता. आवराआवरीत तिचा डबा खाटेशेजारच्या खिडकीत आला होता आणि तिथेच धूळ खात होता. म्हणून एका सकाळी भिंतीवर कोळशाची खरखर ऐकून मी दचकलो. हात तिचा नव्हता. रेघ अडखळत होती. कांडी मोडली, थांबली, पुन्हा सुरू झाली.

बाई आत आली. तिची पावले खाटेजवळच्या भिंतीपाशी थांबली.

"हे कपाट," ती हळूच म्हणाली. "आणि त्याच्या मागे हे… झाड?"

"बा…"

"बाग? अहो, माझी बाग?"

मायलेकींनी कपाट ओढले. उजेड अंगावर आला. माझा कोपरा गेला होता, अंजिराची अर्धी फांदी भिंतीलाच लागून राहिली होती. बाई मला धरून जमिनीवर बसली.

"मला वाटलं, हेही मीच फाडलं," ती म्हणाली.

यजमान डाव्या हाताने डोळे पुसत होते. हात कोळशाने माखलेला, त्यामुळे तोंडभर काळे झाले. ते पाहून मुलीला हसू फुटले, मग बाईलाही.

त्याच दिवशी माझ्यावर फवारा बसला. आता मी काचेआड आहे, तरी कपाट सरकल्याचा आवाज आला की अजून धडकी भरते. मित्रांनो, चित्रांना हात लावू नका, त्यांना कसरीपासून जपा. आणि मायेपोटी कधी काही लपवलेत, तर निदान एकाच्या तरी कानावर घालून ठेवा. उद्या सांगू म्हणणाऱ्याला उद्या बोलता येईलच, असे नसते.