शांत नव्हे, जागी

मी एक जुनी कुपी आहे. दीड वर्षाची. हसू नका मित्रांनो, आम्हा औषधांच्या घराण्यात दीड वर्ष म्हणजे आवराआवर करण्याचं वय. अंगठ्याएवढी काच, डोक्यावर रबरी बूच आणि कपाळाला लाल पट्टी. तिच्यावर लिहिलंय, 'सावधान'. खोकल्याच्या औषधाला असला मान कधी मिळाला असेल तर दाखवा.

एका कारखान्यात मला काचेत भरलं आणि वर बूच दाबलं. त्या क्षणापासून मी कोंडलेली. आधी खोक्यात, मग इस्पितळाच्या तातडीच्या विभागातल्या छोट्या फ्रीजमध्ये. फ्रीजला कुलूप, किल्ली थोरल्या सिस्टरांच्या खिशात. दार काचेचं, म्हणून बाहेरचं सगळं दिसायचं. दिसायचं तेवढंच. तोंड असून उपयोग काय, त्यात बूच!

माझं काम काय, ते सांगते. कुणाचा श्वास अगदीच अडला, की घशातून नळी घालून यंत्राने श्वास द्यावा लागतो. जागा माणूस नळी घालू देत नाही. दात आवळतो, हात झटकतो. तेव्हा आम्हा दोघी जावांना बोलावणं येतं. थोरली जाऊ झोपेचं औषध. ती आधी जाते आणि माणसाला निजवते. तिच्या पाठोपाठ मी जाते आणि सगळं अंग सैल सोडवते. मिनिटभरात पैलवानाची करंगळीसुद्धा हलू देत नाही मी!

पण खोटी मिजास मिरवणार नाही. माझी सत्ता फक्त स्नायूंवर. मेंदूत मला कुणी उभं करत नाही. ऐकणं, दुखणं, भिणं हे सगळं थोरलीच्या हातात. आणि तिचं राज्य दहा-पंधरा मिनिटांचं, माझं चांगलं तासाभराचं. म्हणून नळी बसली की थोरलीला पंपावर लावतात आणि थेंबथेंब चालू ठेवतात. ते करायचं राहिलं, तर माणूस आतून जागा आणि बाहेरून दगड.

एका दुपारी गाद्यांच्या कारखान्यात काम करणारी एक बाई आली. जुना दमा. ओठ निळे पडलेले, एकेका शब्दाला धाप. सोबत सासू.

"आई... गॅस... बंद..." बाई म्हणाली.

"श्वास नाही आणि गॅसची काळजी! केलाय मी बंद. गप्प बस, बडबडे," सासू म्हणाली. दटावत होती, पण सुनेचा हात काही सोडत नव्हती.

तिला दाराबाहेर पाठवलं. कुलूप उघडलं. माझ्या बुचात सुई शिरली आणि अर्ध्याहून जास्त मी बाईच्या अंगात गेले. थोरली आधीच पोचली होती. नळी पहिल्या झटक्यात बसली. सगळं अगदी रीतसर.

मग डॉक्टरांना दुसऱ्या रुग्णाकडे पळावं लागलं. परत येऊन त्यांनी धाकट्या सिस्टरला विचारलं, "कशी आहे?"

"शांत आहे."

एवढंच. त्यांना वाटलं, झोपेचं औषध चालू आहे. तिला वाटलं, चालू करायचं तेव्हा डॉक्टर सांगतील. पंप भरलेला, नळी जोडलेली, फक्त बटण दाबलेलं नाही. दोघंही कामाची, कुणी आळशी नाही. एका 'शांत' शब्दावर दोघं विसंबली.

थोरली जाऊ निघून गेली. बाई जागी झाली.

मित्रांनो, मी तिच्या अंगात होते, म्हणून मला ठाऊक. तिला डोळे उघडायचे होते, पापण्या मी धरलेल्या. तिला ओरडायचं होतं, जीभ मी धरलेली. घशात नळी टोचत होती, छाती यंत्र हलवत होतं. आपण मेलो की काय, असं तिला वाटत होतं. तिला सोडावं असं माझ्या फार मनात आलं. पण काचेतून बाहेर पडलेल्या औषधाला मागे फिरता येत नाही. ती माझ्यात कोंडलेली, मी तिच्यात.

तेवढ्यात तिच्या कानाशी डॉक्टरांचा आवाज आला, "मानेतल्या शिरेत नळी घालायची आहे. मोठी सुई द्या."

सुई तयार होत होती, तेव्हा थोरल्या सिस्टरांनी सासूला मिनिटभर आत सोडलं. तिने सुनेला दोन-तीनदा हाक मारून पाहिली. मग म्हणाली, "डॉक्टर, झोपलेलं माणूस रडतं का हो?"

"आजी, औषधाने डोळ्यांतून पाणी येतं कधीकधी."

"आजी कुणाची? नातवंडाचा पत्ता नाही अजून. औषधाचं पाणी सारखं गळेल ना? हे हाक मारली की येतंय. बघा. ए बडबडे!"

कानशिलावरून थेंब ओघळला. पडद्यावर नाडीचा आकडा एकशे दहावरून एकशे चाळीसवर गेला. थोरल्या सिस्टरांनी पंपाकडे पाहिलं.

"डॉक्टर, सुई खाली ठेवा. ही जागी आहे."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. पण पुढचं त्यांनी नीट केलं. आधी बटण दाबलं, मग तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "तुम्ही जिवंत आहात. हलता येत नाही ते औषधामुळे, ते उतरणार आहे. आता झोप येईल. सासूबाई इथेच आहेत."

थोरली जाऊ परत आली. मी एवढ्या आनंदाने तिची वाट कधी पाहिली नव्हती.

तिसऱ्या दिवशी नळी निघाली. कुपीत उरलेली मी फ्रीजच्या काचेतून बघत होते. डॉक्टर स्टूल ओढून बाईजवळ बसले. तिचा आवाज खरखरीत झाला होता.

"तुम्ही विचारलंत ना, कशी आहे? त्या म्हणाल्या, शांत आहे. तेव्हा मी ओरडत होते."

"माझं चुकलं," डॉक्टर म्हणाले. सासूने सुनेचा हात पुन्हा हातात घेतला.

आता या विभागात रुग्णाबद्दल 'शांत आहे' म्हणायची बंदी आहे. झोपेचं औषध किती वाजता सुरू केलं, ते मोठ्याने सांगायचं आणि ऐकणाऱ्याने पंपाला हात लावून बघायचं.

माझी मुदत या महिनाअखेर संपते. मग मला टाकून देतील. त्याचं वाईट वाटत नाही, एकदा का होईना, कामी आले. पण मित्रांनो, माझ्यासारखीचं एक ऐका. जे माणूस हलत नाही, त्याच्याशीही बोला. त्याला हात लावण्याआधी काय करणार आहात ते सांगा. आत कुणीतरी कान लावून बसलेलं असतं, आणि तुमच्या आवाजाशिवाय त्याच्याजवळ दुसरं काहीच नसतं.