चौकीची निसरडी फरशी

मुरुड आणि काशीदच्या मधल्या एका गावात पोलीस चौकी आहे. गावाचं नाव सांगत नाही. उगाच बघायला जाल आणि पडाल. कारण त्या चौकीत हरेश्वर पाय घसरून पडला, असं खुद्द फौजदारसाहेबांनी सांगितलं होतं.

हरेश्वर म्हणजे होडीचा तांडेल. मासळीनं बुळबुळीत झालेल्या फळीवर, भर लाटांत, एका हातानं सुकाणू आणि दुसऱ्यानं विडी सांभाळणारा माणूस. तो म्हणे कोरड्या फरशीवर पडला, आणि पडला तोही असा की हात मोडला एक आणि तळपाय सुजले दोन्ही. खरी गोष्ट सगळ्या कोळीवाड्याला ठाऊक होती. कुणा बड्या माणसाच्या भाच्यानं वाळत घातलेल्या बोंबलांवरून जीप नेली, हरेश्वरनं जीपची चावी काढून घेतली, आणि संध्याकाळी चौकीत त्याची पूजा झाली.

प्रज्ञा मुरुडच्या एका साप्ताहिकाची एकुलती एक वार्ताहर. ती भेटायला गेली तेव्हा हरेश्वर ओट्यावर पाय लांब करून बसला होता.

"पडलो म्हनून सही घेतली माजी," तो म्हणाला. "आता तक्रार द्याला गेलो तर म्हनतात, पडल्याची कसली तक्रार? आनि बंदरावर पोरं हसतात. घसरनाऱ्या तांडेलाच्या होडीत कोन बसंल, ताई?"

प्रज्ञाला रडू आलं आणि मग संताप आला. संतापात तिनं बातमी लिहिली. संपादक गुणाजींनी ती वाचून तिच्याकडे परत सरकवली.

"पाण्यात राहून माशाशी वैर नको, प्रज्ञा. सही त्याची आहे. पोलीस सांगतात तेवढंच छाप."

तेवढंच छाप. घरी जाताना प्रज्ञा ते शब्द दातांखाली चावत होती, आणि चावता चावता तिला एकदम बाई आठवली.

बाई म्हणजे अमेरिकेतली एक काळी लेखिका. महाडला चवदार तळ्यावर वीस मार्चला पुस्तकांचे स्टॉल लागतात, तिथं कॉलेजात असताना प्रज्ञानं या बाईची कादंबरी घेतली होती. त्यात एका गावचा पोलीस अधिकारी सांगतो, की तुरुंगातला काळा पोरगा जिन्यावरून पडला. गावातली एक म्हातारी भांडत नाही. ती सुतार घेऊन तुरुंगात जाते आणि नम्रपणे म्हणते, साहेब, जिना दाखवा, कठडा बसवून देते. तुरुंगाला जिनाच नसतो. त्या पानावर बाईनं लिहिलं होतं: जुलमी माणसाचं खोटं हाकलू नका, पाहुण्यासारखं घरात घ्या, पाटावर बसवा, वाढत राहा. आपोआप त्याचं पोट फुटेल.

वाचताना प्रज्ञा हसता हसता रडली होती. इतक्या लांबच्या बाईला आपली चौकी कशी कळली, असंच तिला तेव्हा वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं नवी बातमी दिली. "चौकीची फरशी जीवघेणी. तांडेलासारखा तांडेल घसरला, तिथं आपल्या पोलीस बांधवांचं काय? त्यांच्या हातापायांच्या काळजीनं गाव चिंतेत. नागरिकांनी मदतीला धावावं." गुणाजींनी ती दोनदा वाचली. त्यांच्या मिशा हलल्या.

"यात पोलिसांचंच म्हणणं आहे ना?"

"फक्त त्यांचंच, सर."

छापलं.

साप्ताहिक निघालं त्याच सकाळी हरेश्वरची आई वेणूबाई कोळणींचा घोळका घेऊन चौकीवर गेली. कुणाकडे काथ्याची पायपुसणी, कुणाकडे फाटकी जाळी, एकीच्या टोपलीत समुद्राची वाळू. मागून काठी टेकत हरेश्वर आला. प्रज्ञा मोबाईलचा कॅमेरा चालू धरून उभी होती.

"साहेब, तुमी लेकुरवाळे," वेणूबाई वाळू पसरत म्हणाली. "माजा पडला तो पडला. तुमी पडू नका."

हवालदार टेबलामागं तोंड लपवून हसत होता. मग एकीनं पायपुसणं फौजदारांच्या खुर्चीखाली सरकवलं आणि त्यांच्या जिभेचा तोल सुटला.

"उचला हे सगळं. फरशीला काही झालेलं नाही. रोज शंभर माणसं येतात, आजवर एक माणूस इथं घसरलेला नाही."

"एकही नाही, साहेब?" प्रज्ञानं अगदी काळजीनं विचारलं.

"एकही नाही. विश्वास नसेल तर चालून बघा."

बोलून गेल्यावर त्यांना कळलं. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतलेल्या माणसाचं तोंड कसं होतं, ते प्रज्ञानं मोबाईलमध्ये नीट टिपून घेतलं.

वेणूबाईनं वाळू झाडली, पायपुसणी उचलली. हरेश्वरनं काठी आईच्या हातात दिली. अजून सुजलेला एक पाय त्यानं उंबऱ्याआत ठेवला, मग दुसरा. दुखत होतं, ते त्याच्या ओठांवर दिसत होतं. लाटांतल्या फळीवर चालावं तसा तो संथ चालत टेबलापर्यंत गेला आणि साहेबांसमोर ताठ उभा राहिला.

"न्हाय पडलो, साहेब," तो म्हणाला. "आता माजी तक्रार लिवून घ्या."

हवालदारानं साहेबांकडे न बघता पेन उघडलं.